तालीम आणि विसावा



कडोदऱ्याच्या चार रस्त्यांवर पहाटे पाच वाजता उभे राहिले, तर दोन तऱ्हेची माणसे दृष्टीस पडतात. एक, डाईंग-प्रिंटिंगच्या मिलींतील रात्रपाळी उरकून घराकडे परतणारे कामगार; आणि दुसरी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या अथवा बारडोलीच्या रस्त्याच्या कडेने छाती फुटेस्तोवर धावणारी तरुण मुले. ही मुले पदकासाठी धावत नाहीत. बहुतेकांच्या मनात पोलीस भरती किंवा सैन्यभरती असते. त्यांचे आईबाप धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी इकडे आलेले. मुलाच्या अंगावर खाकी वर्दी चढली, तर दोन पिढ्यांची वणवण संपेल, एवढी मोठी आशा त्या धावण्याला बांधलेली असते. आणि पुष्कळदा असे होते की, रात्रपाळीहून परतणारा कामगार आणि पहाटे धावणारा उमेदवार हा एकच मुलगा असतो.

मी येथे एका शाळेत मराठी शिकवितो. व्यायामशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु लहान शाळेत जो उभा राहू शकतो त्याच्याकडे खेळाचा तास येतो, तसा तो माझ्याकडे आला. आणि शाळा सोडून गेलेली मुलेही रविवारी सकाळी, मी मिस्सा आटोपून मैदानावर पोहोचलो की, घड्याळ धरायला मला बोलावू लागली. घड्याळ धरणारा मनुष्य हळूहळू स्वतःस मार्गदर्शक समजू लागतो, आणि अनर्थ तेथूनच सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. एक माजी विद्यार्थी गुजरात पोलीस भरतीची तयारी करीत होता. तेथे पुरुष उमेदवारास पाच किलोमीटर अंतर २५ मिनिटांच्या आत पूर्ण करावे लागते. मी त्याला सांगितले, "रोज पाच किलोमीटर पळ, पूर्ण जोर लावून पळ, आणि रोज कालच्यापेक्षा चार सेकंद कमी कर." पहिले तीन आठवडे वेळ उतरत गेली, साडेएकोणतीस मिनिटांवरून साडेसव्वीसपर्यंत. पुढे ती तेथेच अडली, आणि मग उलट वाढू लागली. मी म्हटले, जिद्द कमी पडते आहे. त्याने सांगितले, नडगी दुखते. मी म्हटले, सहन कर. सहाव्या आठवड्यात तो मैदानातच खाली बसला तो उठेना. क्ष-किरण चित्रात नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला दिसला. त्या वर्षीची चाचणी हुकली. मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई रागावली नाही. ती एवढेच म्हणाली, "सर, तो पळतो ते तुम्ही पाहता. तो झोपतो कधी, हे कधी विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. तो रात्री आठ ते सकाळी आठ लूम चालवीत असे, आणि सुटीच्या दिवशी नव्हे तर पाळी संपल्यावर, नऊ वाजताच्या उन्हात, माझ्या सांगण्याप्रमाणे जोर लावून पळत असे. त्या दिवसानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. जे हाती लागले, त्यांतील काही आज आपणांसमोर ठेवतो.

सर्वांत पहिली गोष्ट ही की, व्यायामाने मनुष्य बलवान होत नाही. व्यायामाने तो दुबळा होतो. हे विधान ऐकून आपण दचकाल, परंतु पाच किलोमीटर जोराने धावून आलेल्या मुलास लगेच पुन्हा धावायला सांगा, म्हणजे खात्री पटेल. स्नायूंतील साखरेचा साठा रिता झालेला असतो, स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते, शरीरातील पाणी घटलेले असते. बळ येते ते नंतर, अन्न आणि झोप मिळाल्यावर. शरीर झालेली हानी भरून काढते, आणि असा प्रसंग पुन्हा येणार अशी चाहूल लागल्यामुळे पूर्वीच्या पातळीहून थोडे अधिक भरून ठेवते. हे 'थोडे अधिक' म्हणजेच तालमीचे फळ होय. १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, शरीरावर कोणताही ताण आला असता ते आधी हादरते, मग प्रतिकारास सिद्ध होते, आणि ताण अखंड चालूच राहिला तर अखेर खचते. क्रीडाशिक्षकांनी हा विचार पुढे आपल्या शास्त्रात आणला. उन्हाळ्यातील विहीर उपसून टाकली की झरे मोकळे होतात, आणि रात्रभर सोडली तर सकाळी पाणी चांगले चढते. पण दर तासाला पोहरा टाकीत राहिले, तर हाती चिखल येतो. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मी चिखल उपसत होतो आणि पाणी का येत नाही म्हणून त्याला बोल लावीत होतो.

येथे एक फसवा मुद्दा आहे, आणि बहुतेक दुखापती त्यातूनच उद्भवतात. शरीराचे सर्व भाग सारख्या वेगाने सुधारत नाहीत. रक्तातील द्रवाचे प्रमाण आठ-पंधरा दिवसांत वाढू लागते; दम लवकर सुधारतो. स्नायूंना काही आठवडे लागतात. स्नायूला हाडाशी जोडणारे बंध आणि खुद्द हाडे यांना मात्र महिने लागतात. हाडाची तऱ्हा तर अधिकच विलक्षण आहे. नवा भार पडू लागला की हाड प्रथम आपला जुना, थकलेला भाग पोखरून काढते आणि मग त्या जागी नवा भरते. त्यामुळे भार वाढविल्यानंतरच्या काही आठवड्यांत ते बळकट होण्याऐवजी काही काळ कच्चेच असते. नेमक्या याच वेळी धावणाऱ्याचा दम वाढलेला असतो, त्याला हुरूप आलेला असतो, आणि घड्याळ धरणारा मास्तर 'आणखी चार सेकंद' असे ओरडत असतो. छाती हो म्हणते आणि नडगी मोडते.

मग भार वाढवायचा कसा? प्राचीन ग्रीक जगातील क्रोटोनच्या मिलो या मल्लाची कथा प्रसिद्ध आहे. तो रोज एक वासरू खांद्यावर उचलून चाले; वासरू वाढत गेले तसे त्याचे बळ वाढत गेले, आणि अखेर तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. कथाच ती, शब्दशः घेतली तर प्रत्येक चिकाटीचा मनुष्य कालांतराने हत्ती उचलील. परंतु तिच्यातील मर्म खरे आहे: जे वजन काल जड होते ते आज हलके झाले असेल, तर आज थोडे अधिक हवे, पण थोडेच. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे क्षीण झालेले पाय पुन्हा सशक्त करण्यासाठी याच तत्त्वाला शिस्त लावली. रुग्ण जे वजन जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते प्रमाण मानायचे. प्रथम त्याच्या निम्मे दहा वेळा, मग पाऊणपट दहा वेळा, आणि शेवटी पूर्ण दहा वेळा उचलायला लावायचे. आणि दहाची संख्या सहज पार होऊ लागली की वजन वाढवायचे. आज गावोगावच्या जिममध्ये मुले दहा-दहाचे तीन सेट मारतात, त्यांचे मूळ एका लष्करी रुग्णालयात आहे, हे त्यांपैकी क्वचितच कोणाला ठाऊक असते.

आपल्या तालमींतील वस्तादांना हे तत्त्व पुस्तकाविना कळले होते. नव्या पोराला आल्या दिवशी कोणी शंभर जोर मारायला लावीत नसे. पंचवीस जोर, पंचवीस बैठका, मग दर काही दिवसांनी थोडी वाढ, आणि मेहनत झाली की आखाड्यातील मातीने अंग चोळून स्वस्थ पडणे, असा क्रम असे. मेहनतीइतकाच खुराक आणि विश्रांती यांना मान होता. वडोद्यास प्रो. माणिकरावांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावे चालविलेले व्यायाममंदिर हे तर आपल्या गुजरातेतील मराठी माणसाच्या अभिमानाचे स्थान. आणि त्याच वडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत प्रसिद्ध केले. मराठीत व्यायामावर काही नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा ते खंड उघडून पाहावेत.

धावण्याच्या बाबतीत 'आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये' असा एक नियम सांगितला जातो. मीही तो मुलांना सांगत असे. परंतु नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावकांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, हा नियम पाळणारा गट आणि त्याहून झपाट्याने वाढ करणारा गट यांच्या दुखापतींत फारसा फरक आढळला नाही. यावरून कशीही उडी घ्यावी असे नव्हे. एवढेच की, आकड्याच्या आहारी जाऊन नडगीचे ऐकायचे सोडू नये. सकाळी उठल्यावर जी दुखण्याची जागा बोटाने दाखविता येते आणि जी चालतानाही दुखते, ती जागा कोणत्याही टक्केवारीहून अधिक सांगते.

आता दुसरे तत्त्व. शरीर जे करते तेच शिकते. खाशाबा जाधवांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो गादीवरच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीत उतरला आणि सहावा आला. अंगात बळ नव्हते असे नव्हे. पण मातीत रुतणारा पाय गादीवर वेगळा टेकतो, पकड वेगळी बसते, वेळेचे आणि गुणांचे गणित वेगळे असते. पुढची चार वर्षे त्याने त्या कुस्तीची तयारी केली, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेतील दुसरी हकिकतही आजच्या विषयाशी जुळणारी आहे. जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ आणि दमछाक करणाऱ्या लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत संघाच्या ममदबेयोव्हशी लढावयास उभे केले गेले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विसावा देण्याचा नियम होता, पण तो मागावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. सुवर्ण इशीला मिळाले आणि रौप्य ममदबेयोव्हला. अर्ध्या तासाची किंमत किती असू शकते, ते यावरून लक्षात यावे.

हेच तत्त्व आमच्या मुलांना भरतीत कसे लागू पडते, ते पाहण्यासारखे आहे. ज्यांचे कागदपत्र इकडचे आहेत ती गुजरातेत अर्ज भरतात. ज्यांचे गावाकडचे आहेत ती महाराष्ट्रात. गुजरातेत पुरुषांना पाच किलोमीटर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत १६०० मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. दोन्ही मुले पहाटे हातात हात घालून एकच पाच किलोमीटर पळतात. पण हिशोब करून पाहा. पाच किलोमीटर २५ मिनिटांत म्हणजे चारशे मीटरच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या, दर फेरीस दोन मिनिटे. उलट १६०० मीटरमध्ये चांगले गुण हवे असतील, तर पाच मिनिटांच्या आसपास पोहोचावे लागते, म्हणजे दर फेरीस पंचाहत्तर ते ऐंशी सेकंद. दोन मिनिटांच्या चालीवर वर्षभर पळालेल्या पायांना ऐंशी सेकंदांची चाल परीक्षेच्या दिवशी एकाएकी कोठून येणार?

शरीरात इंधन जाळण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला स्नायूतच साठविलेल्या तयार शक्तीचा. तो साधारण दहा सेकंद पुरतो, शंभर मीटर आणि गोळाफेक याच्यावर चालतात. दुसरा प्राणवायूवाचून साखर जाळण्याचा. तो झटपट चालतो, पण एक-दोन मिनिटांत पाय जड करून टाकतो. तिसरा प्राणवायूच्या साहाय्याने जाळण्याचा. तो संथ, पण दीर्घकाळ टिकणारा. १६०० मीटरसारख्या जोराच्या शर्यतीतसुद्धा सुमारे चार पंचमांश शक्ती या तिसऱ्या मार्गाने येते, हे कळले तेव्हा मला आश्चर्य वाटले. म्हणजे दोन्ही मुलांना पाया एकच हवा: आठवड्यातून काही दिवस बेताचे, लांब, संथ धावणे, धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्या चालीने. या धावण्यातून हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत रक्ताच्या केशवाहिन्या वाढतात. आमच्या मुलांना हे धावणे पटत नाही. घाम निथळला नाही आणि ओकारी आली नाही, तर व्यायाम झाला असे त्यांना वाटत नाही. कारण आम्ही शिक्षकांनीच त्यांना तसे शिकविले आहे.

या पायावर मग जोराचे धावणे, तेही तुकड्यातुकड्यांनी. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्श्लर हे शिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे डॉक्टर यांनी असा विचार मांडला की, जोराने थोडे अंतर धावावे, मग हृदयाचे ठोके मिनिटाला १२० च्या आसपास उतरेपर्यंत विसावा घ्यावा आणि पुन्हा धावावे. हृदयाची वाढ त्या मधल्या विसाव्यातच होते, असे ते म्हणत. त्यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून जो विक्रम केला, तो सोळा वर्षे टिकला. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या वीस-वीस फेऱ्या काढी, आणि दोन फेऱ्यांमध्ये दोनशे मीटर संथ धावे. खाशाबांनी पदक मिळविले त्याच हेलसिंकीत झाटोपेकने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके जिंकली. स्वीडनमध्ये गोस्टा होल्मर यांनी याच सुमारास तिसरा, मला सर्वांत आवडणारा प्रकार रूढ केला. त्याला फार्टलेक म्हणतात; आपण वेगक्रीडा म्हणू. घड्याळ नाही, मैदान नाही. रानवाटेने निघावे, त्या झाडापर्यंत जोराने, मग चढण संपेपर्यंत संथ, मग वाटेल तेव्हा पुन्हा जोराने. मुलांना मी उसाच्या शेतांकडच्या वाटेवर नेतो. विजेचा एक खांब जोरात, दोन खांब हळू. घड्याळ खिशात ठेवले की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, आणि काम तितकेच होते.

येथे डांगचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण तो जिल्हा आमच्यापासून फार दूर नाही आणि तेथील बोली कानाला अर्धी मराठीच वाटते. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत महिलांच्या चार गुणिले चारशे मीटर रिलेत भारताला सुवर्ण मिळाले, त्या चमूत डांगची सरिता गायकवाड होती. २०१९ साली दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळविणारा मुरली गावित हाही डांगचाच. सरिता पूर्वी खो-खो खेळत असे. खो-खोत चटकन वळणे, थांबणे, पुन्हा उसळणे हे सारे असते. लहान वयात अशा खेळांतून अंग सर्व बाजूंनी घडते. म्हणूनच आठवी-नववीच्या मुलाला एकाच शर्यतीच्या घाण्याला जुंपणे मला पसंत नाही.

आता एका नाजूक गोष्टीकडे वळतो. एकाच मैदानावर, एकच व्यायाम करणारी दहा मुले सारखी सुधारत नाहीत. अमेरिका आणि कॅनडातील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात बऱ्याच कुटुंबांतील माणसांकडून वीस आठवडे एकाच पद्धतीने व्यायाम करवून घेतला. काहींची प्राणवायू वापरण्याची क्षमता मिनिटाला सुमारे एक लिटरने वाढली, तर काहींची जवळजवळ वाढलीच नाही. आणि हा फरक पुष्कळसा कुटुंबागणिक होता. म्हणजे मागे पडणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. मुलींच्या बाबतीत तर हा आरोप फार लवकर केला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच रक्तात कमी असेल, तर ती मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकणारच. तिला 'जोर लाव' म्हणण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे. मी हे शिकलो तोवर माझ्या मैदानावरून काही मुली निघून गेल्या होत्या.

व्यायाम सोडला की कमावलेले जाते, आणि फार वेगाने जाते. १९६६ साली अमेरिकेतील डल्लास येथे पाच तरुणांना वीस दिवस अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोहोचलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढे नेले नव्हते, त्याहून अधिक त्या वीस दिवसांनी नेले होते. याचा अर्थ दुखापत झालेल्याने धावत सुटावे असा नव्हे. पाय दुखत असेल तर हात, पोट, पाठ यांचे काम चालू ठेवता येते. मात्र परीक्षेआधीच्या आठ-दहा दिवसांत धावण्याचे प्रमाण उतरवावे. त्या दिवसांत नवे बळ येत नाही, फक्त साचलेला थकवा निघून जातो. आमच्या कुस्तीच्या जत्रांचा हंगाम आणि पावसाळ्यातील मेहनतीचे दिवस ज्यांनी वेगळे ठेवले, त्यांना हे ठाऊक असावे. करिंथच्या परिसरात मोठ्या क्रीडास्पर्धा भरत असत. प्रेषित पौलाने तेथील मंडळीस लिहिताना धावणाऱ्याचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला दिला, तो त्यांना लगेच कळला असेल. मल्लाला कशाकशाचा संयम करावा लागतो, हे त्या शहराने डोळ्यांनी पाहिले होते. आमच्या मुलांना परीक्षेच्या आदल्या दिवशी न धावण्याचा संयमच सर्वांत जड जातो.

शेवटची गोष्ट उन्हाची, आणि ती जीवनमरणाची आहे. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवार मरण पावले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात अबकारी शिपाई भरतीची दहा किलोमीटरची चाचणी सुरू झाली, तीत दहाहून अधिक तरुणांचे प्राण गेले. शरीर घाम वाळवून थंड होते. सुरतेकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि आतील उष्णता आतच साठते. उन्हाची सवय अंगाला होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात, तीही रोज थोडे थोडे उन्हात राहून. धावताना पाणी पिऊ नये हा समज अजून गावोगाव आहे. तो मोडला पाहिजे. रात्रभर जागलेला, तापातून उठलेला किंवा उपवास असलेला मुलगा उन्हात जोराने धावता कामा नये, मग तो उपवास आमच्या उपवासकाळातला असो, नवरात्रातला असो की रमजानचा. आणि धावता धावता कोणी बरळू लागला, अडखळू लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना झाला, तर त्याला सावलीत घेऊन, कपडे सैल करून, मिळेल त्या थंड पाण्याने, बर्फाने, ओल्या कपड्याने ताबडतोब थंड करू लागावे. रुग्णवाहिका बोलवावी, पण ती येईपर्यंत हात बांधून बसू नये. पहिली काही मिनिटेच त्याला वाचवितात.

माझा तो विद्यार्थी पाच महिन्यांनी पुन्हा मैदानावर आला. आधी नुसते चालणे, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. त्याने मालकाला विनवून दिवसपाळी घेतली. तिच्यात पगार थोडा कमी पडे. आठवड्याला तीन दिवस संथ धावणे, एक दिवस खांबांची वेगक्रीडा, एक दिवस चारशे मीटरच्या सहा फेऱ्या, आणि दोन दिवस काही नाही. त्या 'काही नाही'च्या दिवशी तो सुरुवातीला चोरून पळत असे. त्याच्या आईनेच मला येऊन सांगितले. मी एक शंभरपानी वही घालून दिली आहे. तीत किती धावला ही ओळ दुसरी. पहिली ओळ रात्री किती तास झोपला ही. वहीत सहा तासांहून कमी झोप दिसली, तर त्या दिवशी जोराचे धावणे बंद.

पुढच्या भरतीत त्याने पाच किलोमीटर २३ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले. लेखी परीक्षेत मात्र माझा त्याला काही उपयोग झाला नाही. ती गुजरातीत होती, आणि तिची तयारी त्याने शेजारच्या लूमवरच्या एका सोबत्याकडून करून घेतली. सध्या तो बडोद्याच्या बाजूस नोकरीवर आहे. सुटीत आला की मैदानावर येतो आणि घड्याळ माझ्या हातून काढून घेऊन नव्या मुलांच्या वह्या तपासतो.